बाळांकडे न बघणाऱ्या काकू

आमच्या काकू, नात्याने आमच्या कोणीच नव्हेत, आई-बाळाचा क्लास चालवायच्या आणि त्यांना बाळं फारशी आवडत नसत. हे मी कोणाला सांगितलं तर खोटं वाटतं, पण त्या स्वतःच तसं सांगायच्या, तेही नवीन आलेल्या आईच्या तोंडावर. एखादी बाई आपलं गुटगुटीत लेकरू पुढे करून कौतुकाची वाट बघत उभी राहिली, की काकू त्याच्या डोक्यावरून थेट तिच्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "ठेव त्याले तिथं सतरंजीवर. मले लेकरायचं काई एवढं नाई बापा. तू बस." त्या बाईचा चेहरा पाहण्यासारखा व्हायचा. आम्ही वऱ्हाडी माणसं बोलायला रोखठोक, आमच्या बायाही 'मी जातो' म्हणणाऱ्या, पण लेकराच्या बाबतीत आमच्यातला कडक माणूसही बोबडं बोलू लागतो. काकू त्यातल्या नव्हत्या. चुकून एखादं बाळ त्यांच्या हातात आलंच, तर उतू जाणारं पातेलं धरावं तसं त्या ते अंगापासून लांब धरत आणि जवळात जवळच्या मांडीवर ठेवून मोकळ्या होत.

क्लास राजापेठेत होता, ट्यूशनवाल्यांच्या एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. सकाळ-संध्याकाळ त्या हॉलमध्ये अकरावी-बारावीची मुलं कोंबलेली असायची. दुपारी तो रिकामा पडायचा, तेव्हा दर गुरुवारी काकूंना मिळायचा. बाकं भिंतीला लावायची आणि मधे सतरंजी अंथरायची, एवढीच तयारी. फळ्यावर कोणाचं तरी अर्धवट पुसलेलं गणित असायचं. जिन्यात गप्पा ठोकत उभी असलेली पोरं आम्हाला वाट करून द्यायची आणि त्यातला एखादा आगाऊ विचारायचा, "मेडिकलची तयारी आतापासूनच का जी?" अमरावतीत क्लास हा शब्द कानावर पडला की माणसं आधी निकाल विचारतात. माझ्या नवऱ्याने, निखिलनेही मला विचारलं होतं, "पण शिकवतात काय तिथे?" मला सांगता आलं नाही. आजही एखादी नवी आई मला विचारते, की अशा क्लासचा काही उपयोग होतो का हो. तेव्हा मी काकूंबद्दलच बोलत सुटते, कारण त्या क्लासात दुसरं काही नव्हतंच.

मी तिथे उपयोग होईल म्हणून गेले नव्हते. मला घरात राहायची भीती वाटायला लागली होती, म्हणून गेले. बाळंतपणाआधी मी अशाच एका ट्यूशन क्लासमध्ये फिजिक्स शिकवत होते. दिवसभर बोलून बोलून घसा बसायचा. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, अकोल्याला झालं. तिथे घर भरलेलं होतं. मी खाटेवर आणि माझ्याभोवती मावश्या. पाचव्या महिन्यात रेवाला घेऊन मी अमरावतीला परत आले. सासूबाईंनी भाकरतुकडा ओवाळून आम्हाला आत घेतलं आणि थोड्या दिवसांनी कापसाची वेचणी आली म्हणून त्या गावी गेल्या. निखिल धामणगावच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हिशेब बघायचा. सकाळच्या गाडीने जायचा आणि सीझनमध्ये अंधार पडल्यावर यायचा. मग घरात मी आणि रेवा. फोन पुष्कळ यायचे. रेवा काय करते, दूध पिते का, कुशीवर वळली का? मी सगळ्यांना सगळं सांगायची आणि फोन ठेवून तिच्याकडे बघत बसायची. मला तिच्याबद्दल काही वाटत नव्हतं. राग नव्हता, माया नव्हती. कोणाचं तरी लेकरू सांभाळायला ठेवलंय आणि न्यायला कोणी येत नाही, असं वाटायचं. हे कोणाला सांगणार? आईपण म्हणजे काय असतं हे सगळ्यांना माहीत होतं, एक मी सोडून.

पहिल्या दिवशी काकूंनी आम्हाला गोल बसवलं, बाळं मधे. आता बाळांना चित्रं दाखवतील, टाळ्या वाजवायला लावतील, असं काहीतरी माझ्या डोक्यात होतं. फोनवरच्या जाहिरातींत असतं तसं. काकूंनी माझ्याकडे मान वळवली.

"बोल," त्या म्हणाल्या.

"रेवा नीट झोपत नाही."

"तिचं नाई. तुहं बोल."

काकूंना कसलीच घाई नव्हती. पंखा फिरत होता, खालून राजापेठेतले हॉर्न ऐकू येत होते. बाकीच्या बाया आपापल्या बाळांकडे बघत होत्या. फळ्याखाली खडूचा एक तुकडा पडला होता, तो मला दिसला आणि तोंडातून निघून गेलं, "मला खडूची आठवण येते." बाया हसल्या. मीही हसले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की माझा आवाज घोगरा झालाय. काकू हसल्या नाहीत. "अजून?" म्हणाल्या. मग मी बरंच बोलले. काय बोलले ते आता आठवत नाही, पण घरी येऊन मी वरण-भात लावला आणि पोटभर जेवले, हे चांगलं आठवतं.

त्यांच्या क्लासात एकच नियम होता. उपाय सांगायचा नाही. आमच्याकडे हा नियम पाळणं फार कठीण. एकीने नुसतं म्हणावं, की पोराचं पोट दुखतं, की बाकीच्यांच्या ओठांवर ओवा, हिंग, वेखंड सगळं येऊन थांबलेलं असायचं. एखादीला राहवायचं नाही. "बेंबीभोवती हिंग…" एवढं तिने म्हणावं, की काकूंचा हात वर. "उपाय घरी पोतंभर हायेत. इथं फक्त ऐकाचं." मला हे सुरुवातीला बावळटपणाचं वाटायचं. मी शिकवणारी बाई. प्रश्न आला की मला उत्तर पाहिजे. तसं मी त्यांना एकदा म्हटलंही. त्या शेगडीवरून चहाचा गंज उतरवत होत्या. म्हणाल्या, "उत्तर देल्लं का माणूस गप होते. मंग आतलं आतच राह्यते." आणि माझ्या हातात तो भयंकर गोड चहा दिला. काकूंना चहा कधीच जमला नाही.

त्यांना फार मोठं करून सांगायचा माझा विचार नाही. त्या उशिरा येणाऱ्या बाईला सगळ्यांदेखत झापायच्या. एखादी तेच तेच बोलायला लागली की उघड जांभई द्यायच्या. जन्मभर त्यांनी तहसील कचेरीत नोकरी केली होती, खिडकीच्या आतल्या बाजूला, आणि त्या नोकरीबद्दल त्यांचं स्वतःचं मत काही बरं नव्हतं. "मी जिंदगीभर लोकायले 'उद्या या' म्हटलं," त्या सांगायच्या. "माणूस उन्हातून आलेला राहे, तरी उद्या या. आता म्हणतो, जे हाये थे आजच बोला. फिटू द्या काई." नवरा लवकर गेलेला, एकुलती एक मुलगी स्मिता लग्न होऊन कॅनडात. राजापेठेतच मागच्या गल्लीत त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथे आम्हाला त्यांनी कधी बोलावलं नाही.

वेचणी आटोपल्यावर सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या. नात क्लासला जाते याचा त्यांना कोण अभिमान! गावी फोन करून त्यांनी दहा जणांना सांगितलं. फक्त मी कशाला जाते ते त्यांना कळेना. "क्लास लेकराचा हाये ना? मंग तू काहून जाते? मी नेतो तिले. तू सैपाक पाय, मंग जरा पड." त्यांचं मन वाईट नव्हतं, त्यांना मला विश्रांतीच द्यायची होती. अमरावतीच्या घराघरांत हीच चूक व्हायची; ट्यूशनला मुलाला सोडून यायचं असतं, आईचं तिथे काय काम? गुरुवारी त्यांनी ठेवणीतलं पातळ नेसलं, रेवाला काजळ-तीट केली आणि ऑटोत बसून गेल्या. मी गॅलरीतून बघत राहिले. आठवड्यातली माझी एक दुपार होती, तीही गेली. मी कणिक मळायला घेतली आणि परातीवर डोकं टेकून रडले.

पुढचं मला काकूंकडून नंतर कळलं. त्या दिवशी आणखी दोघी आज्या अशाच नातवंडं घेऊन आल्या होत्या.

"सुना कोठी हायेत?" काकूंनी विचारलं.

"घरी. सैपाक करून राहिल्या."

काकूंनी त्यांना परत पाठवलं नाही. बसवलं. बाळं मधे ठेवायला लावली आणि म्हणाल्या, "बरं, मंग तुमी बोला. तुमच्या बाळंतपणाचं सांगा."

सासूबाई उशिरा घरी आल्या. डोळे सुजलेले. रेवाला माझ्याकडे दिलं, पाणी प्यायल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. मग म्हणाल्या, "बाई चांगली हाये." पुढच्या गुरुवारी त्यांनी माझ्या हातातलं लाटणं काढून घेतलं. "तू जा. भाजी मी टाकतो." त्या तिथे काय बोलल्या, असं मी काकूंना खोदून विचारलं. "थे मी नाई सांगत. तुले पायजे असन तर तिले इचार," त्या म्हणाल्या. मला काही विचारायचा धीर झाला नाही. पण नंतर गावी गेल्यावर सासूबाई फोनवर रेवाच्या आधी मी जेवले का, ते विचारायला लागल्या.

सासूबाई गावी परत गेल्या आणि माझं मन पुन्हा खाली बसलं. गुरुवार बरा जायचा. बाकीचा आठवडा तसाच. क्लासची सतरंजी मोठी होती. तिची घडी घालायला दोन माणसं लागायची. काकू दर गुरुवारी एकीला मागे थांबवून घ्यायच्या. मला वाटतं त्यांना घडीपेक्षा ती एकटी बाई हवी असायची. एका गुरुवारी मला थांबवलं. एक टोक त्यांच्या हातात, एक माझ्या. मी त्यांच्याकडे न बघता सांगून टाकलं. आज सकाळी रेवा फार रडली. मी तिला पाळण्यात ठेवलं, गॅलरीत गेले आणि मागे दार लावून घेतलं. खाली गाड्या जात होत्या, त्या बघत राहिले. असंच खाली उतरावं, चालायला लागावं आणि परत येऊच नये, असं वाटलं.

"मंग?" काकू म्हणाल्या.

"मग ती रडून रडून झोपली. आणि मला काही वाटलं नाही, काकू. मला तिच्याबद्दल काहीच वाटत नाही."

असं बोलू नये, असं त्या म्हणाल्या नाहीत. सोन्यासारखं लेकरू आहे, असंही म्हणाल्या नाहीत. त्या अर्धी घडी घातलेल्या सतरंजीवर बसल्या आणि मलाही बसवलं. मग त्यांनी मला स्मिताचं सांगितलं.

स्मिताला मुलगा झाला तेव्हा काकू कॅनडात गेल्या होत्या. बॅगेत डिंक, मेथी, खारीक, बाळाला टोपडी. तिथे त्यांनी सगळं यथासांग केलं. तेल, आंघोळ, शेक, धुरी. त्या धुरीने एकदा घरातली आगीची घंटा वाजली, तेही त्यांनी हसत सांगितलं. नातू हातातून खाली ठेवायच्या नाहीत, जावयाकडेही द्यायच्या नाहीत. म्हणजे काकूंनाही कधीकाळी बाळं आवडत होती. स्मिता दर आठवड्याला बाळाला घेऊन कुठल्याशा वाचनालयात जायची. तिथे आयांचा क्लास असायचा, एक गोरी बाई तो चालवायची. एवढी मी घरात असताना हिला क्लास कशाला, असं काकूंना वाटायचं. एकदा बर्फ फार होता म्हणून त्या सोबत गेल्या आणि मागे खुर्चीवर बसल्या. स्मिता तिथल्या बायकांत बसून रडत होती. काकूंना इंग्रजी सगळं समजत नव्हतं, पण तेवढं वाक्य समजलं. माझी आई आली आहे, पण ती बाळासाठी आली आहे.

"घरी मले येकदाबी बोलली नाई व ती," काकू म्हणाल्या. "मी इचारलंच नाई तर ती काय बोलन? चोवीस तास माही नजर त्या पोट्ट्यावर."

त्यानंतर त्यांनी विचारून पाहिलं. स्मिता म्हणाली, मी बरी आहे आई. व्हिसाची मुदत संपली, काकू अमरावतीला परत आल्या आणि इथे त्यांनी सतरंजी विकत घेतली.

काकूंनी डोळे पुसले, त्या उठल्या आणि स्वतःचाच नियम मोडून मला उपाय सांगितला. "उद्या डॉक्टरीणबाईकडं जाऊ. हे नुसतं बोलून जाणारं नाई. मी येतो संगं." आणि खरंच आल्या. मी आत होते तेवढा वेळ त्या बाहेर रेवाला घेऊन बसल्या. बाहेर आले तर रेवाने त्यांचं लुगडं ओलं करून ठेवलेलं आणि काकू तिला दोन्ही हातांनी पुढे धरून नर्सची वाट बघत होत्या. डॉक्टरांनी औषध दिलं, निखिलला बोलावून समजावलं. तो बिचारा हबकला. "मला का नाही सांगितलंस?" म्हणाला. त्याने रोज विचारलं होतं आणि मी रोज बरी आहे म्हटलं होतं, त्यामुळे मला त्याच्यावर धड रागावताही आलं नाही. सीझन असूनही तो लवकरची गाडी पकडायला लागला.

हळूहळू बरं वाटायला लागलं. एका सकाळी रेवाला शिंक आली, तिची तीच दचकली आणि हे कोणी केलं म्हणून माझ्याकडे बघायला लागली. मी हसले. तिला उचलून पोटाशी धरलं आणि ती मला माझी वाटली. हे कधी एकदा काकूंना सांगते असं मला झालं. पुढे मला सगळंच काकूंना सांगावंसं वाटायचं. कुकरची शिट्टी बिघडली, निखिलशी भांडण झालं, रेवाला दात आला. इतर बायांशी माझं बरं होतं, पण मैत्री अशी कोणाशीच झाली नाही. मी गुरुवारपासून गुरुवारपर्यंत काकूंसाठी बोलणं साठवत होते. आता मागे पाहिलं की वाटतं, अमरावतीसारख्या भरल्या शहरात मला बोलायला एकच माणूस होतं आणि तेही आठवड्यातून एकदा.

आणि एका गुरुवारी काकू म्हणाल्या, की मी चालली. स्मिताला दुसऱ्यांदा दिवस गेले होते. तिने फोन करून विचारलं होतं, आई, येशील का? काकूंचा चेहरा मी इतका उजळलेला कधी पाहिला नव्हता. "या टायमाले मी डिंक नाई नेत, मेथी नाई नेत," त्या सांगत होत्या. "हात हालवत जातो. पोरीसाठी जातो." सगळ्या बायांनी टाळ्या वाजवल्या. मी वाजवल्या नाहीत. सतरंजीच्या घडीला मी आपणहून मागे थांबले आणि त्यांचा हात धरून म्हटलं, "नका जाऊ काकू. मी काय करू मग?"

काकूंनी हात सोडवून घेतला नाही.

"तुही आई अकोल्याले हाये ना?"

"हो."

"तिले सांगितलं का हे सगळं? डॉक्टरचं, गॅलरीचं?"

"नाही. तिला त्रास होईल. तिला काय कळणार यातलं?"

"माही पोरगीबी असंच म्हणत असन," काकू म्हणाल्या. मग थांबून थांबून बोलल्या. "थ्या क्लासवाल्या गोऱ्या बाईचा मले मोठा राग आलता. माह्या वाट्याचं तिनं ऐकलं असं वाटलं. अन् इथं येऊन मी काय केलं? तुह्या आईच्या वाट्याचं मी ऐकून राहिलो."

मला राग आला. ज्या एका गोष्टीवर मी तगून होते तिला त्या नावं ठेवत होत्या. "म्हणजे हा क्लासच चुकीचा होता का?" मी विचारलं.

"चुकीचा नाई व. बुडणाऱ्या माणसानं दिसन तो हात धराव. पण क्लासवरच थांबू नोको. मी काय, आज हाये उद्या नाई."

त्यांना नागपूरच्या विमानतळावर न्यायला गाडी आली तेव्हा आम्ही सगळ्या बाळांना घेऊन त्यांच्या गल्लीत उभ्या होतो. शेजारीपाजारी बघायला आले. त्यांना वाटलं, लग्न आहे का काय. काकू प्रत्येकीच्या गालाला हात लावून पुढे गेल्या, माझ्याही. फार वेळ नाही थांबल्या. गाडी वळली आणि आम्ही जरा वेळ तशाच रस्त्यात उभ्या राहिलो. कोणीतरी म्हणालं, पुढच्या गुरुवारी भेटायचं ना? भेटलोही काही गुरुवार. पण पहिल्याच दिवशी हिंग आणि ओवा सुरू झाला, दुसऱ्यांदा एकीने बाळाच्या फोटोवाल्याला बोलावलं आणि पुढे पुढे येणाऱ्याच कमी झाल्या. हॉलवाल्याने दुपारची नवी बॅच घातली. फोनवरचा आमचा ग्रुप अजून आहे. त्यात शाळेचे प्रवेश आणि वाढदिवसाचे केक असतात. कोणी कोणाला बोल म्हणत नाही.

आईला सांगायला मला पुष्कळ दिवस लागले. अकोल्याला जायची, चार दिवस राहायची आणि तशीच परत यायची. एकदा दुपारी ती गहू निवडत बसली होती, रेवा शेजारी झोपली होती. मी सगळं सांगितलं. पाळणा, गॅलरी, डॉक्टर, औषध. आई खाली मान घालून खडे वेचत राहिली. मला वाटलं ऐकतच नाही. मग तिने सूप खाली ठेवलं.

"तू फोनवर बरी हाये म्हणायची ना, तवा मले समजे का तू बरी नाई," ती म्हणाली. "पण तुहं इचारलं तर तू फोन ठेवशील असं भेव वाटे. म्हणून मी रेवाचंच इचारत राहो. तेवढाच तुहा आवाज ऐकू ये."

इतके महिने मी तिच्यावर मनातून रुसून बसले होते, की आईलाही नातीचंच पडलंय. आणि ती फोनच्या दुसऱ्या टोकाला माझा आवाज चाचपत बसलेली. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. तिचे हात गव्हाच्या धुळीने भरलेले होते, तसेच तिने माझ्या केसांतून फिरवले. मला खूप रडू आलं आणि बरंही वाटलं. हे काकूंना कळवायचं होतं, पण त्यांचा फोन कधी लागायचा, कधी नाही. तिकडे दिवस असला की इकडे रात्र.

यंदा दिवाळीला मी अकोल्याला होते आणि काकूंचाच फोन आला. आवाज बारीक झाला होता. मी स्पीकर लावला, कारण हातात चकल्यांचा सोऱ्या होता. आई कढईपाशी होती. काकूंनी माझं विचारलं, मी आईला सांगितल्याचं सांगितलं. त्यांना फार आनंद झाला. "लय चांगलं केलं व पोरी," दोनदा म्हणाल्या. मग मी विचारलं, "स्मिताताई बोलतात का आता?"

"बोलते ना. पोरायचं सांगते सगळं. त्यानं खाल्लं का, हिनं झोप घेतली का. सकाळी दोघं नवरा-बायको निघून जातात, मोठा शाळेत. मंग मी अन् धाकली, दोघीच."

"आणि तुमचं? तुम्ही सांगता का त्यांना काही?"

"माहं काय सांगाव? ती दमून येते. मी म्हणतो, मी बरी हाये."

सोऱ्या तसाच हातात राहिला. तेवढ्यात आईने गॅस बंद केला. पदराला हात पुसले आणि पुढे येऊन माझ्यासमोरचा फोन उचलला. काकूंना तिने आजवर पाहिलेलं नव्हतं. फोन कानाला लावून ती म्हणाली, "नमस्कार ताई. मी प्रणालीची आई. घाईत तर नाई ना तुमी?" आणि आतल्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

चकल्या अर्ध्या राहिल्या होत्या. रेवा आजीमागे धावली, दारावर थापा मारायला लागली; मी तिला उचलून घेतलं आणि तिथेच दाराशी बसले. आतून आईचा आवाज बराच वेळ आलाच नाही. मग एकदा हलकेच "हं" आला. मग पुन्हा काही नाही. तिकडे काकू बोलत होत्या.